बारा ओळींत न बसलेली ताई

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, गुडघा फार त्रास देत नसेल, आणि खिडकीतल्या कुंड्यांना अजून माझ्यापेक्षा जास्त माया मिळत असेल, असं धरून चालते. आम्ही सगळे ठीक. ह्यांचं कामावरून येणं आणि पेपर तोंडावर धरून पेंगणं नेहमीसारखंच. चिमणी माझ्याहून वीतभर उंच झालीय. तरी मी तिला चिमणीच म्हणते. तिला आवडत नाही, पण माझा इलाज नाही.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. खरं तर फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. कागदावर बरं असतं, खोडता तरी येतं.

माझ्या धंद्याचं तुझ्या कानावर आलं असेल. लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार मशिनी, चार बायका आणि मी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे कपडे शिवतो आम्ही. पाठीमागून पूर्ण उघडणारे, खांद्यावर टिचबटणं. माणसाला न उठवता, हात न वळवता घालता येतात. जे नेतात ते दुवा देतात, पण नेणारेच मोजके, कारण असं काही मिळतं हेच कुणाला माहीत नाही. औषधांच्या दोन दुकानांत ठेवले होते, तिथे ते खोक्यांच्या मागे गेले ते गेलेच. उन्हाळा संपेपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर जागा सोडावी लागेल आणि चौघींना घरी बसा म्हणावं लागेल. त्यातली एक माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे. तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, मला कळत नाही.

म्हणून चिमणीने परस्पर माझं नाव एका वर्गात घालून टाकलं. हसू नकोस. आपल्या धंद्याची गोष्ट पत्रकारांपर्यंत कशी पोचवायची, त्याचा वर्ग! दर बुधवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं वर्तमानपत्रात होत्या, त्यांना आम्ही संपादकबाई म्हणतो. चष्मा दोरीला बांधलेला, आणि आवाज असा की पहिल्या दिवशी मी उत्तर द्यायला बाकावरून उभीच राहिले.

पहिलाच गृहपाठ: आपल्या धंद्याची गोष्ट बारा ओळींत लिहा. मी फार मन लावून लिहिलं. ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ हे सगळ्यात वर. बाईंनी चष्मा चढवला, उतरवला. म्हणाल्या, “हे वाक्य मी तीस वर्षं कापत आलेय. मेलं अजून वाढतंच आहे.” मग ‘उत्कृष्ट’ या शब्दावर बोट ठेवून, “उत्कृष्ट कोण म्हणतं? तुम्हीच ना? मग वाचकाला त्याचं काय?” वर्गात सगळ्यांना हाच प्रसाद मिळाला, म्हणून फार लागलं नाही.

आमच्यात एक कुलूपवाले काका आहेत. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमची सेवा तत्पर व विश्वासार्ह’. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “काका, सगळ्यात जास्त वेळा कुणाचं दार उघडलंत?” काका जरा घुटमळले. मग म्हणाले, एक आजोबा आहेत, एकटेच राहतात. महिन्यातून दोनदा किल्ली हरवली म्हणून बोलावतात. एकदा दार उघडून आत गेल्यावर त्यांनी रुमाल काढायला खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर किल्लीही बाहेर आली. दोघांनी पाहिली आणि दोघंही काही बोलले नाहीत. काका अजून जातात. बाई म्हणाल्या, “ही बातमी.” आणि लगेच, “पण त्या आजोबांना विचारलंत? नाही ना? मग आधी त्यांना विचारा. गोष्टीत जो माणूस येतो, त्याला ती छापायच्या आधी कळली पाहिजे.” काकांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं.

बातमी पहिल्या ओळीत हवी, हाही त्यांचा एक हट्ट. वाचक घाईत असतो, पत्रकार त्याहून घाईत. शिवाय कोण कशावर लिहितं ते आधी वाचून मग पाठवा, दुपारनंतर फोन करू नका, चौदा फोटो जोडू नका. मी घाईघाईत एकाला पाठवलं, तो निघाला खेळाच्या पानाचा. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं, ‘शुभेच्छा, पण आमच्या पानावर सगळे धावतात.’ चिमणी दोन दिवस हसत होती.

चौथ्या खेपेला माझ्या बारा ओळी जमल्या. पहिली ओळ अशी: ‘माझ्या आईला शेवटच्या वर्षी हात वर करता येत नव्हता.’ बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, हं, आता यात माणूस आलं. ते रविवारच्या पुरवणीतल्या एका पत्रकार मुलीला पाठवलं, आणि ताई, तिचं उत्तर आलं. येत्या मंगळवारी ती कारखाना बघायला येतेय. माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत.

आईबद्दल चार-दोन ओळी आहेत त्यात, वावगं काही नाही. तुला काही वाटायचं कारण नाही.

हां, एक राहिलं. आईचा तो निळा गाऊन माझ्याकडे आहे, तुला ठाऊक असेलच. पहिला नमुना म्हणून त्या मुलीला दाखवला तर चालेल ना? मंगळवारच्या आत तुझं काही आलं नाही, तर चालतं असं समजेन.

तब्येतीला जप.

तुझी,
बारकी


२१ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही. तीन वर्षांनी पत्र टाकायचं आणि चार दिवसांची मुदत द्यायची, हे काही विचारणं नव्हे. मला ‘हो’ हवं होतं, आणि ते तुझ्या गप्प राहण्यातून काढून घ्यायचं होतं.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन्हीत उकाडा, पाण्याची टाकी, ह्यांचं दाढदुखीचं पुराण असं दीड पान झालं आणि मुद्दा आलाच नाही. सगळ्या जगाला पहिल्या ओळीत बातमी सांगायला शिकले, आणि तुला सांगायची वेळ आली की मी टाकीवर घसरते. तर सांगते.

ताई, मी त्या मुलीला सांगितलं की आईचा गाऊन मागून कापायची कल्पना माझी. आईची सेवा करता करता मला सुचली. बारा ओळींतही तेच लिहिलं होतं. ‘मी रात्रंदिवस तिच्या उशाशी होते, तेव्हा लक्षात आलं.’ उशाशी तू होतीस. तू शाळेतली नोकरी सोडलीस. मी रविवारी यायचे, पाहुण्यासारखी, आणि संध्याकाळच्या गाडीला घड्याळ बघत बसायचे.

मुलगी चांगली आहे, असेल सव्वीस-सत्तावीसची. प्रश्न कमी विचारते आणि बघते जास्त. चौघींशी बोलली, एका मशिनवर स्वतः टीप मारून बघितली, ती वाकडी गेली तेव्हा खळखळून हसली. मग मी निळा गाऊन टेबलावर पसरला. तिने तो पालथा केला आणि मागच्या उभ्या कापावरची हातशिलाई बोटाने चाचपत बसली. मग म्हणाली, “हे टाके तुमचे नाहीत.”

मी म्हटलं, म्हणजे?

“हे उलट्या बाजूला झुकलेत. माझे असेच पडतात.” तिने पेन दाखवलं. ती डावखुरी, ताई. तळहाताच्या कडेला शाई लागलेली, अगदी तुला लागायची तशी. “तुम्ही तर उजव्या हाताच्या. मग हे कुणी शिवलं?”

मला तिथेच सांगता आलं असतं. तिने दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर यायचं होतं. मी म्हटलं, “ते होय? पूर्वी आमच्याकडे एक बाई होत्या.”

एक बाई.

तिने ते वहीत लिहिलं. चिमणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही आणि खाली निघून गेली. मुलगी गेल्यावर मी कपडे घडी करत होते, तेव्हा येऊन म्हणाली, “आई, मावशी एक बाई कधीपासून झाली?” मी तिच्यावर खेकसले की मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. आणि खेकसता खेकसता माझाच आवाज फुटला. मग तीच मला धरून बसली. माझ्याहून उंच झालीय म्हटलं ना.

आता ते दुसरं. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

तो गाऊन मी आईसाठी शिवला होता. शिवणवर्ग संपल्यावर, स्वतः बेतून, पहिला. छातीवर बारीक चुण्या, त्या घालायला मला आठवडा लागला होता. त्या रविवारी आले आणि बघितलं तर तो मानेपासून खालपर्यंत उभा कापलेला, कडेला नाड्या लावलेल्या. मी आईसमोर तुला बोलले. म्हणाले, “तिचं आवरायचा तुला कंटाळा येतो म्हणून कापलास ना? सरळ सांग.” एवढंच नाही. म्हणाले, “घरात राहतेस म्हणून सगळं तुझं झालं काय?”

तू तेव्हा भांड्यातलं पाणी ओतत होतीस. ओतून झालं, भांडं जागेवर ठेवलंस आणि आईचा हात पुसायला घेतलास. आई माझ्याकडे बघत होती, तिला बोलता येत नव्हतं. मला वाटलं, तीही माझ्या बाजूने आहे. चार महिन्यांनी ती गेली. आपण दोघींनी घर आवरलं, कपाटं पुसली, आणि तो गाऊन मी तुला न विचारता पिशवीत घातला. रागाने घातला. घरी आल्यावर किती महिने बघितलाही नाही. मग एकदा शेजारच्या आजींना कपडे घालताना त्यांच्या सुनेची तारांबळ बघितली, आणि तो काढून त्यांना घातला. एका मिनिटात घालून झाला. आजी नुसत्या ‘हं’ म्हणाल्या, सुटल्यासारख्या. तेव्हाच मला कळलं की तू बरोबर होतीस. त्याच दिवशी मी तुला फोन करायला हवा होता. मी कागदावर त्याचं माप उतरवून घेतलं.

मला तुझी आठवण यायची, पण तोंड दाखवायची लाज त्याहून मोठी होती. आणि धंदा चालू लागला तशी लाज अजून वाढली. खोटं बोलताना मला एकदाही असं वाटलं नाही की मी तुझं काही घेतेय. मला वाटायचं, मी झाकतेय. तुला नाही, मला.

बुधवारी वर्गात गेले नाही, वर्ग सुटल्यावर गेले. संपादकबाई खुर्च्या लावत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाल्या, “उद्या सकाळी पहिला फोन त्या मुलीला. बातमी मेली तर मेली. दुसरं, बहिणीला पत्र. आणि त्या पत्रात काही पटवून देऊ नका. मी शिकवलेलं तिथे वापरायचं नाही.” मी म्हटलं, मग लिहू कसं? तर म्हणाल्या, “ते मला काय विचारता? तुमची बहीण आहे.”

मुलीला फोन केला. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, “मग ही गोष्ट त्यांचीसुद्धा आहे. त्या बोलल्या तरच छापता येईल. नाहीतर मला सोडून द्यावी लागेल.” तिने तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. एकदा तुला न विचारता उचललं तेवढं पुरे. तिचा नंबर या पत्राच्या मागे लिहिलाय. वाटलं तर बोल, नाहीतर कागद फाडून टाक. तिला सोमवारी दुसरी कुठली गोष्ट घेता येईल, तिचं काही अडत नाही.

आणि माझ्या धंद्याचं ओझं डोक्यावर घेऊ नकोस. पहिल्या पत्रात चौघींचं लिहिलं होतं, ते तुला पाझर फुटावा म्हणूनच लिहिलं होतं, आता कबूल करते. आम्ही काहीतरी करू. त्यातल्या मोठीला मी परवा सगळं सांगितलं, धंद्याचंही आणि तुझंही. ती म्हणाली, “जागेचं बघू हो. बहिणीचं आधी बघा.”

माफ कर असं लिहायला मला संकोच वाटतोय, कारण त्याला उत्तर मागितल्यासारखं होतं. तरी लिहिते. माफ कर ताई. आईसमोर बोलले त्याबद्दल. गाऊनबद्दल. ‘एक बाई’बद्दल.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल.

तुझी,
बारकी


४ एप्रिल

ताई,

आज सकाळी त्या मुलीचा फोन आला. तू तिच्याशी बोललीस.

मी कापड बेतत होते. कात्री तशीच कापडात ठेवून जिन्यात जाऊन बसले. वर चारही मशिनी चालू होत्या, म्हणून जिना बरा. ती म्हणाली, “तुमच्या ताई तासभर बोलल्या. छापायला त्यांची हरकत नाही, फोटो मात्र नको. आणि एक अट घातलीय.” वाटलं, माझं नाव काढायला सांगितलं असेल. आणि सांगितलं असतंस तरी मी हूं की चूं केलं नसतं.

ती म्हणाली, “त्यांची अट अशी की, छापायच्या आधी हे बारकीला वाचून दाखवा. तिला हे पेपरात वाचून कळायला नको.”

मग तिने वाचून दाखवलं. तुझंच बोलणं होतं, तिने शब्दही बदलला नव्हता. मी तिला पुन्हा वाचायला लावलं आणि हातातल्या मापाच्या कागदामागे लिहून घेतलं. तुलाच तुझं बोलणं लिहून पाठवतेय, वेडेपणा आहे, पण मला हे माझ्या हाताने लिहायचंय:

‘आईचा उजवा हात खांद्यातून गेला होता. बाहीत घालताना ती ओरडायची नाही, ओठ चावायची. घरात तिचे जुने ढगळ गाऊन चार होते, ते घालायला सोपे पडायचे. पण ती ते घालू देईना. रोज सकाळी मान फिरवायची आणि निळ्याकडे बघायची. तो धाकटीने शिवलेला. तिला तोच हवा असायचा. मी महिनाभर तसाच घातला, ती रोज ओठ चावायची आणि मी रोज रडायचे. शेवटी कात्री घेतली. पहिला काप घालायच्या आधी कात्री तीनदा खाली ठेवली, इतकं सुंदर काम होतं ते. पुढच्या चुण्यांना मी हात लावला नाही. बहीण रागावली, ते तिच्या जागी बरोबर होतं. तिने काय बघितलं? कापलेला गाऊन. मी सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगितलं असतं तर आईसमोर ती ढसाढसा रडली असती, म्हणून म्हटलं, आई झोपल्यावर सांगू. मग तिची गाडी निघून गेली. मग आई गेली. मग राहूनच गेलं.’

ताई, आई माझ्याकडे बघत होती त्या दिवशी. मला वाटलेलं, ती माझ्या बाजूने आहे. होतीच ती. पण मला वाटलं तशी नव्हती. ती सांगत होती की हे मी करायला लावलंय, हिला बोलू नकोस. तीन वर्षं मी ते उलटं वाचलं.

मी त्या मुलीला म्हटलं, छाप. मग म्हटलं, थांब, छापू नकोस, आधी मी ताईला विचारते. ती हसली बिचारी. म्हणाली, तुम्ही दोघी बहिणी मला वेड लावणार. तिने शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तू नको म्हटलंस तर नको. तुझ्या एका शब्दाने ती गोष्ट मिटेल आणि मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल, पण तुझ्यावर राग येणार नाही.

वर गेले तर चौघींनी मशिनी थांबवल्या होत्या. मोठी म्हणाली, “काय झालं?” मी तो कागदच तिच्या हातात दिला. तिने चष्म्याशिवाय हात लांब करून मोठ्याने वाचला, मध्येच थांबली, आणि पदराने नाक पुसून पुन्हा वाचू लागली.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येतेय, तोवर हे पत्र तुला पोचलं असेल. चिमणी यायचं म्हणत होती, तिला म्हटलं, पुढच्या खेपेला. तुला काही बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी आले म्हणून उठूही नकोस, गुडघ्याला त्रास होईल. मी तुझ्याजवळ नुसती बसेन, आणि या वेळी संध्याकाळची गाडी धरणार नाही.

तुझी, आणि आईचीही,
बारकी